बारा व्होल्टचा खुंटा

मी चौतीस वर्षं विजेच्या खात्यात नोकरी केली, ही गोष्ट मी शक्यतो कुणाला सांगत नाही. कारण ती कळली की समोरचा माणूस हर्षभरित होऊन आत जातो आणि बंद पडलेला मिक्सर घेऊन बाहेर येतो. आता मी पडलो हिशेब विभागातला. विजेशी माझा संबंध बिलापुरता. युनिट म्हणजे काय हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, पण घरातला फ्यूज उडाला तर आमच्याकडे ही स्टुलावर चढते आणि मी स्टूल धरतो. तेसुद्धा दोन्ही हातांनी, आणि स्टूल लाकडीच असेल याची खात्री करून.

अशा माणसानं निवृत्तीनंतर विजेवर चालणारी मोटार घ्यावी, याला दैवगती म्हणतात. तुम्ही म्हणाल, प्रदूषणाची काळजी असेल. तसं काही नाही. कन्येनं हिशेब करून दाखवला. बंगळूरला ती विजेच्याच कुठल्याशा शाखेत इंजिनिअर आहे. हा गुण तिला आईकडून आला असणार. किलोमीटरला पेट्रोल एवढे रुपये, वीज एवढे पैसे. रुपयाच्या जागी पैसे हा शब्द ऐकला की हिशेबनीस विरघळतो. सगळ्यांत स्वस्त मॉडेल घेतलं आणि हार घालून, नारळ फोडून घरी आणलं.

गाडी गुणाची निघाली. पण एक अडचण पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. ती आवाज करत नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची घरघर असते, त्या घरघरीत संसारातले इतर आवाज बुडून जातात. इथं इंजिनच नाही. त्यामुळे दाराच्या कप्प्यातली छत्री वाजते, मागच्या सीटवरचा डबा बोलतो आणि हिनं पुटपुटलेलं वाक्यही स्पष्ट ऐकू येतं. आणि गाडीतल्या रेडिओचा आवाज किती भिकार आहे तेही कळतं. स्वस्त मॉडेलला पुढच्या दोन दारांत मिळून दोन स्पीकर. त्यातून शास्त्रीय गाणं लावलं की गवई एखाद्या डब्यात बसून गातोय असं वाटायचं. तंबोरा तर जणू आलाच नव्हता.

हे मी सहन केलं असतं. गवई डब्यात बसून गायला तर त्याचं तो बघून घेईल. पण प्रश्न आईचा होता.

सन १९८४ सालची दिवाळी. आमचं लग्न होऊन सहा महिने झालेले. वाईजवळच्या आमच्या गावी आम्ही गेलो होतो. गावात वीज नव्हती, म्हणजे आलेली होती, पण त्या दिवशी गेलेली होती. गिरणी बंद. चकलीची भाजणी तर व्हायलाच हवी. आईनं माजघरातलं जातं पुसून घेतलं आणि मला म्हणाली, "तुझ्या खात्याची वीज गेली म्हणून मी दळतेय, साहेब." दळायला बसली की ती ओव्या म्हणायची. पहिल्या पगारातून घेतलेला टेपरेकॉर्डर माझ्याबरोबर होता. सहा सेल घालून तो मी जात्याशेजारी ठेवला. दीड व्होल्टचे सहा सेल, म्हणजे एकूण नऊ व्होल्ट. एवढ्या विजेत माझी आई त्या कॅसेटमध्ये उतरली, ती आजतागायत आहे. १९९१ साली ती गेली. कन्येनं ती कॅसेट परवा परवा संगणकावर चढवली आणि माझ्या फोनमध्ये घालून दिली.

गाडीत लावली. आईचा आवाज आला. पण जातं आलं नाही.

म्हणजे बघा, ओवी ही काही हवेत म्हणत नाहीत. खाली दगडाची ती जाड, गोल घरघर हवी, तिच्यावर ओवी बसते. त्या दोन स्पीकरांमधून नुसती ओवी यायची, अधांतरी. जणू आई हात मांडीवर ठेवून बसली आहे. आणि आई हात मांडीवर ठेवून बसलेली मी जन्मात पाहिली नाही. घरी चांगला स्पीकर लावून ऐकता आलं असतं, पण घरी टीव्हीची सत्ता आहे आणि सत्ताधारी पक्ष सौ. आहे. तेव्हा गाडी ही माझी एकट्याची खोली. जातं ऐकायचं तर तिथंच ऐकायचं.

कन्येला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला अँप्लिफायर लागेल आणि एक वूफर. खालचे जाड आवाज काढायला मोठा पडदा लागतो आणि तो हलवायला ताकद लागते."

"ताकदीला काय तोटा?" मी म्हणालो. "गाडीखाली चोवीस युनिटची बॅटरी आहे. आपलं घर दोन-तीन दिवस चालेल तिच्यावर. तीनशे वीस व्होल्ट!"

"तीनशे वीस व्होल्टला हातसुद्धा लावायचा नाही," कन्या म्हणाली. मग तिनं मला पाऊण तास शिकवलं. त्याचा गोषवारा असा : विजेच्या मोटारीत दोन बॅटऱ्या असतात. एक ती थोरली, जिच्यावर चाकं फिरतात. आणि एक धाकटी, अगदी साध्या मोटारीत असते तशीच, बारा व्होल्टची. दिवे, काचा, वायपर, भोंगा, रेडिओ, दारांची कुलपं आणि गाडीतले सगळे छोटे संगणक या धाकटीवर चालतात. पेट्रोलच्या गाडीत धाकटीला भरायचं काम आल्टरनेटर करतो. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इथं इंजिनच नाही तर पट्टा कुठला? म्हणून इथं एक यंत्र असतं. ते थोरलीचे तीनशे वीस व्होल्ट घेतं, त्यांचे चौदाएक व्होल्ट करतं आणि धाकटीला पाजत राहतं. आपल्या गल्लीतला डीपी अकरा हजार व्होल्ट घेऊन घरात दोनशे तीस सोडतो ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच की डीपीवर उलटी वीज, इथं सुलटी. म्हणून यंत्र वेगळं. अँप्लिफायर जोडायचा तो धाकटीला.

मी समाधानानं मान हलवली. हिशेबातच सांगायचं तर थोरली ही मुदत ठेव आणि धाकटी हे बचत खातं. खर्च बचत खात्यातून, आणि ते आटू लागलं की ठेवीतून भरणा. इतकं सोपं होतं तर पाऊण तास कशाला लागला?

दुसऱ्या दिवशी नाना पेठ गाठली. दुकानदारानं एक चकचकीत खोका समोर ठेवला. खोक्यावर आगीच्या ज्वाळा आणि आकडा : २००० वॅट. मी चष्मा लावला. खोका उघडून अँप्लिफायर उलटा केला. एका अंगाला त्याचा फ्यूज होता, त्यावर लिहिलं होतं चाळीस.

"हे चाळीस म्हणजे अँपिअर ना?" मी विचारलं.

"हो काका."

"आणि व्होल्ट चौदा. चाळीस गुणिले चौदा, पाचशे साठ. म्हणजे जमा पाचशे साठ वॅट आणि खर्च दोन हजार? वरचे चौदाशे चाळीस कुठून आणता?"

दुकानदार गप्प झाला. चौतीस वर्षांत मी पुष्कळ कंत्राटदारांना असं गप्प केलं आहे, पण हा आनंद काही निराळाच. शेवटी त्यानं कबूल केलं की खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या धडाक्याचा असतो, सतत मिळणारे वॅट 'आरएमएस' म्हणून बारीक अक्षरात आत लिहिलेले असतात आणि ते चारशे आहेत. बारीक अक्षरातलं खरं आणि मोठ्या अक्षरातलं खोटं, हा नियम वीज बिलापासून विमा पॉलिसीपर्यंत सगळीकडे लागू आहे. चारशेवाला मी घेतला.

जोडणी करणारा पोरगा विशीतला, पण कामाला चोख. त्यानं बॉनेट उघडलं आणि जाड नारिंगी वायरी दाखवून म्हणाला, "काका, या थोरलीच्या. यांच्या वाटेला आपण जात नाही." मी दोन पावलं मागं सरलो. त्यानं धाकटीच्या अधिक टोकावरून बोटाएवढी जाड वायर काढली. निव्वळ तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती घेऊ नका म्हणाला. बॅटरीपासून दोन विती अंतराच्या आत फ्यूज बसवला. "वायर कुठं घासली आणि बॉडीला टेकली तर आग लागण्याआधी हा जळायला हवा, म्हणून हा बॅटरीजवळच. अँपजवळचा फ्यूज अँपसाठी, हा गाडीसाठी." उणे टोकासाठी त्यानं सीटखालच्या पत्र्यावरचा रंग खरवडून काढला. नव्या कोऱ्या गाडीचा रंग! माझ्या काळजाचाच खरवडा निघाला. पण रंग विजेला अडवतो, उघड्या लोखंडावरच जोड घट्ट बसतो, असं तो म्हणाला आणि मी तोंड फिरवून उभा राहिलो. कंपनीची एकही वायर त्यानं कापली नाही. रेडिओमागे मधे कपलर घातला, म्हणजे वॉरंटीवाल्यांना बोलायला जागा नको. वूफर गेला सीटखाली. दाराच्या पत्र्याला आतून काळे चिकट तक्ते डकवले, त्यानं छत्रीपुराणही थांबलं.

"काका, आता गाडीची रेंज कमी होईल का, असं सगळे विचारतात," तो म्हणाला. "तुम्ही नाही विचारलंत."

मी विचारलं नव्हतं कारण मी आदल्या रात्रीच हिशेब मांडला होता. अँप चारशे वॅटचा असला तरी गाणं म्हणजे सततचा भोंगा नव्हे. ठोका येतो, जातो. आलाप चढतो, उतरतो. सरासरी धरली तर पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांश पुष्कळ झालं. अँप स्वतः खातो तेही धरून सत्तर वॅट, म्हणजे जुन्या छताच्या पंख्याइतके. तासाला सात शतांश युनिट. आमची गाडी एका युनिटात सातेक किलोमीटर जाते. म्हणजे तासभर गाण्याला अर्धा किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याला निघालो तर सगळी मैफल संपूर्ण रस्ताभर ऐकून फार तर किलोमीटरभर अलीकडे थांबावं लागेल. त्यापेक्षा हिचा एसी कितीतरी जास्त खातो. पण एसीविषयी बोलण्याची माझी हिंमत नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये, काचा बंद करून, मी आई लावली.

जातं आलं. सीटखालून आलं, पाठीतून आलं. घरघर, घरघर. माजघराची ओलसर जमीन, पिठाचा वास, कंदिलाचा उजेड, सगळं आलं. मी किती वेळ बसलो मला कळलं नाही. वॉचमननं काचेवर टकटक करून "साहेब, बरं वाटत नाही का?" असं विचारलं तेव्हा भानावर आलो.

मग तो परिपाठच झाला. आणि इथं माझा हिशेबी स्वभाव आड आला. गाडी पूर्ण चालू केली की पडद्यावर 'रेडी' अशी अक्षरं येतात. म्हणजे थोरली जोडली गेली. मी विचार केला, बसून तर ऐकायचं आहे, त्यासाठी थोरलीला कशाला उठवा? चोवीस युनिट फुकट झिजतील. म्हणून मी ब्रेकवर पाय न देता नुसतं बटण दाबायचो. रेडिओ लागायचा, 'रेडी' यायचं नाही. काय बचत केली म्हणून स्वतःवरच खूश. त्या बेतात एकदा रविवारी रात्री आई संपल्यावर भीमसेन लावले, आणि एकूण अडीच तास बसलो.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं व्याही आणि विहीणबाई यायच्या होत्या. साडेपाचला मी सदरा-लेंगा घालून खाली उतरलो. रिमोट दाबला. गाडी ढिम्म. रिमोटच्या पोटात लपवलेली खरी किल्ली काढून दार उघडलं. आत काळोख. बटण दाबलं, काही नाही. चार्जरची पिन आणून लावली. चार्जरवर हिरवा दिवा, गाडीवर अमावास्या.

आमच्या सोसायटीत पहाटे कुणाला मदत हवी असेल तर माणूस मिळत नाही, पण सल्ला हवा असेल तर तिन्ही इमारतींचे दिवे लागतात. एकजण म्हणाले ढकला. दुसरे म्हणाले दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकला, या गाडीला दुसरा गिअरच नसतो हे सांगितल्यावर ते "मग घेतलीत कशाला?" म्हणाले. तिसऱ्यांनी "तुम्ही तर विजेच्या खात्यातले ना?" असा प्रश्न टाकला, आणि त्याचं उत्तर ऐकायला सगळे शांत झाले.

कन्येला फोन लावला. ती झोपेतच म्हणाली, "बाबा, तुम्ही 'रेडी' न करता ऐकत होतात का?"

"थोरली वाचवत होतो."

"ते भरणा करणारं यंत्र 'रेडी' असतानाच चालतं हो. तुमच्या गाडीत उभ्या उभ्या आपोआप भरण्याची सोय नाही. तुम्ही धाकटी पार पिऊन टाकलीत. केवढी ती असते? अर्धं युनिटसुद्धा नाही. आणि थोरली सुरक्षेसाठी खटके उघडून बंद ठेवलेली असते. ते खटके ओढायला बारा व्होल्ट लागतात. चार्जर लावला तरी 'आलो बरं का' हे ऐकायला आतला संगणक जागा हवा, तोही बाराचाच."

म्हणजे चोवीस युनिट ठेवीत पडलेले आणि बँकेचं दार उघडायला खिशात सुट्टे पैसे नाहीत. आयुष्यभर मी लोकांना जमाखर्च शिकवला. मोठी रक्कम वाचवण्याच्या नादात चिल्लर संपवणारा मूर्ख मी आरशातच बघायचा राहिलो होतो.

हे सगळं मी गर्दीला समजावून सांगत असताना ही मागं येऊन उभी राहिली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खुंटा निघालाय म्हणा ना. जातं केवढंही असो, खुंटा निघाला की दगड तो दगडच."

एवढ्या कमी शब्दांत कन्येनंसुद्धा सांगितलं नव्हतं.

सोडवायला आले तळमजल्यावरचे मास्तर. त्यांची १९९९ सालची पेट्रोलची गाडी आहे. तिच्या धुराबद्दल मी सोसायटीच्या सभेत दोनदा बोललो होतो, एकदा तर लेखी. मास्तर एक शब्द न बोलता गाडी पुढे आणून उभे राहिले. माझ्या गाडीच्या पुस्तकात चालतं असं लिहिलंय याची मी खात्री केली, आणि त्यांनी डिकीतून काढलेल्या तांबड्या-काळ्या वायरी त्यांच्या बॅटरीवरून माझ्या धाकटीला जोडल्या. पाचेक मिनिटांनी बटण दाबलं. टक्, असा आत खटका ओढला गेला आणि पडद्यावर 'रेडी' उमटलं. वायरी काढल्यावर थोरली आपली आपण धाकटीला पाजू लागली. धूर ओकणाऱ्या गाडीनं बिनधुराच्या गाडीला जीवदान दिलं. मी मास्तरांना म्हणालो, "कधी तुमची बंद पडली तर हक्कानं सांगा." मग पुस्तकाचं पुढचं पान वाचलं. या गाडीवरून दुसऱ्या गाडीला अशी वीज देऊ नये, असं तिथं ठळक अक्षरात छापलं होतं. उपकार घेता येतात, फेडता येत नाहीत, अशी ती गाडी. व्याही स्टेशनवर पाऊण तास बसून चहावर चहा पीत होते; तेही अजून फेडतो आहे.

त्या रात्री मी गाडीत बसायला निघालो तेव्हा ही म्हणाली, "बघू तरी, काय ऐकता ते." आणि शेजारी येऊन बसली. मी बटणाकडे हात नेला, तशी म्हणाली, "आधी ब्रेक दाबा. खुंटा बसवून घ्या." कन्येनं सांगितलं होतंच, 'रेडी' करून बसलं तरी गाडी आणि गाणं मिळून तासाला अर्ध्या युनिटाच्या आतच जातं. मी ब्रेक दाबला. 'रेडी' आलं. हातब्रेक ओढलेला आहे ना, हे तिनं वाकून बघितलं. मग आई लावली.

घरघर सुरू झाली. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "थांबा. मागं घ्या जरा. हां, इथं. ऐकलंत?"

"काय?"

"जातं अडखळलं. आता परत. ते मी. समोर मी बसले होते ना, खुंट्याला माझा पण हात होता. मला कुठं येत होतं दळायला? तुम्ही टेपवर वाकून बसला होतात त्याचं मला हसू आलं आणि हात सुटला. आई म्हणाल्या काहीच नाहीत, ओवी लांबवली नुसती, मी परत धरीपर्यंत."

मी पुन्हा मागं घेतलं. खरंच. घरघर अर्धा श्वास थांबते, ओवीचा शेवटचा सूर तेवढा लांबतो, आणि दगड पुन्हा फिरू लागतो. चाळीस वर्षं मी ती कॅसेट ऐकत होतो. तिच्यात आई एकटी आहे असंच धरून चाललो होतो. ही गायली नव्हती, बोलली नव्हती. ती होती ती सगळी त्या घरघरीत. आणि घरघरच तर मला त्या स्पीकरांतून ऐकू येत नव्हती.

"एवढे पैसे घातलेत," ही म्हणाली, "ते काही अगदीच वाया नाही गेले."

मग पदरानं डोळे टिपले, आणि एसी लावायला सांगितला. मी लावला. हिशेब केला नाही.